रुमालाखालचा भाव

१

जुन्या सायकलीचा भाव काढायचा तर आधी सायकलीकडं बघायचंच नाही. विकायला आणणाऱ्या माणसाकडं बघायचं. माणूस घाम पुसत आला, ओट्यावर टेकला आणि पाणी मागितलं, की दहा रुपये तिथंच कमी. बाई असली तर आणखी दहा. रडणारी असली तर विचारूच नका.

लोक म्हणतात, गहिनीनाथ कसाई आहे. म्हणू द्या. लढाई लागल्यापासून नवी सायकल दिसायची बंद झाली, टायरला परमिट लागतं, आणि छावणीमुळं नगरात ज्याला त्याला सायकल हवी. अशा दिवसांत मी काय धर्मशाळा उघडून बसू? कापडबाजाराच्या मागच्या बोळात माझं दुकान. दुकानाच्या मागं दोन खोल्या. त्यात माझी म्हातारी बनुबाई, बायको रतन, पाच वर्षांची रंगी आणि मी, अशी चार माणसं. परसात एक म्हैस.

रतन गरीब गाय. सासूनं चार शब्द सुनावले तरी पदर सावरून उभी. माझं नाव तर सोडाच, गहिनीनाथांच्या यात्रेला जायचं असलं तरी 'नाथांच्या यात्रेला' म्हणते. न जाणो, नवऱ्याचं नाव तोंडातून निघायचं!

मूळचा मी हेडी, म्हणजे बैलबाजारातला दलाल. शेवगावपासून घोडेगावपर्यंतचे बाजार केले. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरायची. तीन बोटं धरली की तीन. पण तीन काय? तीन दहा की तीन शंभर? म्हणून हात घालायच्या आधी बोटाचं मोल तोंडानं बोलून घ्यायचं, चार माणसांत, मोठ्यानं. नाही बोललास तर समोरचा म्हणेल ते मोल. आणि हात सुटेपर्यंत रुमाल उचलायचा नाही. जो उचलेल त्यानं दुप्पट द्यायचं. मला मिसरूड फुटायच्या आधी बापानं या दोन गोष्टी कान पिळून शिकवल्या होत्या.

२

हन्नाबाई भर दुपारची आली. भिंगारला राहणाऱ्या योसेफ मास्तरांची बायको. मास्तर शाळा सांभाळून गावोगाव उपदेश करत फिरायचे. नुकतेच शेवगावच्या रस्त्याला वारले, एवढं माझ्या कानावर होतं. बाई सायकल ढकलत घेऊन आली होती. पाणी मागितलं नाही, टेकली नाही. मला ते आवडलं नाही.

सायकल बघितली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. विलायती, लांबच्या दौऱ्याची सायकल! तीन गिअर, बसून बसून काळी झालेली चामड्याची सीट, पुढं-मागं कॅरिअर, पितळी दिवा, साखळीवर पुरं पत्र्याचं झाकण. वीस वर्षांची तरी असेल, पण चाक फिरवलं तर आवाज नाही. मनात मी दीडशे धरले. तोंडानं म्हटलं, "अरेरे."

"काय झालं?"

"काय ऱ्हायलंय हिच्यात, बाई? रिंग वाकडी हाय. ह्या गिअरचं सामान आता विलायतेतबी मिळायचं न्हाई. भंगारात घालायची म्हना ना."

"शिलाईचं मशीन घ्यायचंय, भाऊ," ती म्हणाली. "त्याला पुरतील एवढे द्या. घरभाडंही मलाच भरायचंय आता."

"मग बोला की किती."

"मला त्यातलं कळत नाही."

बरं झालं, म्हटलं. असंच गिऱ्हाईक पाहिजे. मी पुढून न्याहाळायला लागलो आणि तेव्हा ते दिसलं. हँडलच्या उजव्या मुठीवर एक पांढरा रुमाल टाकलेला होता. बांधलेला नाही, नुसता टाकलेला. त्या दिवशी वारा असा होता की बोळातला पालापाचोळा दुकानात येत होता. भिंगारपासून ती सायकल खडखडत आली, आणि रुमालाचं टोकसुद्धा हललं नव्हतं.

"हे काढा. मूठ बघू द्या."

"तो राहू द्या, भाऊ." तिचा आवाज बदलला. "हे सापडले ते रस्त्याच्या खाली शेतात. सायकल वर स्टँडवर उभी होती, आणि रुमाल असाच होता. मी काढला नाही. तुम्हीही काढू नका."

"तुमी भाव बोलंना, रुमाल काढू देईना. मग सौदा करू कुनाशी?" समोरच्या ओट्यावर रिकामटेकडी माणसं बसली होती. त्यांच्याकडं बघून मी डोळा मारला. "मास्तरलाच इचारू का? बोला मास्तर, कितीला देता?" आणि रुमालाखाली हात घातला.

ओट्यावरची माणसं खो खो हसली. मीही हसत होतो. हाताला रबराची मूठ लागेल असं वाटलं होतं. लागला तो माणसाचा हात.

त्यानं माझी तीन बोटं धरली. कुणी घाबरून धरतं तशी नाही, बाजारात मुरलेला माणूस धरतो तशी, पेरांवर. बोटांची कातडी खडूनं भेगाळल्यासारखी कोरडी होती, आणि करंगळी आत वळलेली. मग त्यानं दाबलं. आणि बघा सवय काय असते. समोरच्यानं दाबलं आणि आपण दाबलं, की कबूल. माझ्या हातानं दाबलं. मी नाही, हातानं.

हात बाहेर काढला. बोटं पांढरी पडली होती.

"तीस," मी म्हणालो आणि पैसे पुढं केले.

हन्नाबाईनं पैशांकडं बघितलंच नाही. माझ्या हाताकडं बघत होती. "आधी बोटाचं मोल बोललात का, भाऊ?" तिनं हळूच विचारलं.

मास्तराच्या बायकोला हे कुणी शिकवलं? "हेड्याला शिकवता व्हय?" मी खेकसलो. तिनं तीस रुपये घेतले आणि आली होती त्याच्या दुप्पट वेगानं निघून गेली.

३

माणसानं डोकं ठिकाणावर ठेवावं. रबर उन्हानं मऊ पडतं. रुमालाची घडी बोटांना गुंडाळते. उपाशीपोटी दुपारी हाताला वांब येतो. तीन कारणं झाली, आणखी काय पाहिजे? मी सायकल दुकानात आतल्या भिंतीला लावली आणि जेवायला बसलो. भाकरी मोडताना तीन बोटं वळेनात, तेवढंच.

संध्याकाळी छगन आला. छावणीला गवत पुरवणारा ठेकेदार, लढाईनं पैसा केलेला. त्यानं सायकलीभोवती दोन चकरा मारल्या. "एकशेचाळीस देतो. शुक्रवारी न्हेतो. आन हे फडकं कशाला?" त्यानं हात पुढं केला आणि मी त्याचं मनगट धरलं.

"न्हाई! हात लावू नको."

"आरं, काय नवसाचं हाय का?"

"तसंच समज."

तो हसत गेला. मी मात्र दुकानात तसाच उभा. छगनला का अडवलं मी? सौदा अर्धा असताना रुमाल उचलला तर दुप्पट, म्हणून? पण माझा सौदा तर झाला होता. पैसे दिले, बाई गेली. खात्री करायला म्हणून रुमालाखाली पुन्हा हात घातला.

तीन बोटं. घट्ट.

पैसे चुकते झाले की हात सुटतो. बाजारात शेंबड्या पोरालाही हे कळतं. हा सुटत नव्हता, म्हणजे त्याला त्याची किंमत मिळाली नव्हती. म्हणजे तीन दहा नव्हतेच. मग तीन काय?

दुसऱ्या दिवशी परसातली म्हैस मेली. चांगली दूध देणारी म्हैस, सकाळी उठून बघतो तर पाय ताठ. रतन ऊर बडवून रडली, म्हातारीनं शिव्यांची लाखोली वाहिली. मी काय केलं? मी पळत दुकानात गेलो. म्हशीच्या जिवानं एक बोट फिटलं असेल, तर दोन म्हशी आणून बांधू आणि मरू देऊ त्यांना, मला एवढा आनंद झाला होता. हात घातला.

तीनच.

४

म्हातारी मेली ती त्याच आठवड्यात. रतननं सकाळी दुकानात येऊन सांगितलं, "अवं, आत्याबाई उठंनात." खोकला नाही, ताप नाही. आदल्या दिवशी सुनेला शिव्या घालत भाकरी खाल्ली होती. वय झालं होतं, सगळे म्हणाले. मीही म्हणालो. वयाला कोण काय करणार?

मसणवाटेवरून आलो, अंघोळ केली. ओल्या धोतरानंच दुकानात गेलो. जाऊ नये असं वाटत होतं आणि पाय थांबत नव्हते.

रुमालाखाली दोन बोटं धरली गेली.

पण ते नंतर कळलं. आधी कळला तो अंगठा. त्या हाताचा अंगठा वरच्या पेराशी तुटलेला होता. माझ्या आईचा अंगठा मी पोटात होतो तेव्हा विळ्यानं तुटला, असं ती जन्मभर सांगत आली. तो तुटका अंगठा माझ्या तळव्यावर फिरला, लहानपणी ताप आल्यावर फिरायचा तसा. मग दोन बोटं घट्ट धरून थांबला.

मी ओरडलो असेन. रतन धावत आली. तिनं मला पाहिलं, रुमाल पाहिला. "कशाला त्या फडक्यात सारका हात घालता? काय हाय तिथं?"

मी सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच पाहिजे होतं. ती रडली नाही. रंगीला कडेवर उचलून घेतलं आणि म्हणाली, "चला. त्या बाईला सायकल माघारी देऊन येऊ."

५

हन्नाबाईचं घर म्हणजे एक खोली. भिंतीत सहा खुंट्या होत्या. एकीवर लुगडं होतं, बाकीच्या रिकाम्या. माझे तीस रुपये कोनाड्यात तसेच पडलेले. मी आत गेलो. रतन रंगीला घेऊन दारात थांबली.

"ही घ्या तुमची सायकल," मी म्हणालो. "सौदा मोडला."

"सायकल इथं ठेवा नाहीतर विहिरीत टाका," ती म्हणाली. "हात तुम्ही दिलाय, भाऊ. मी नको म्हणत होते."

"तुमाला ठावं हुतं!"

"होतं. आणि तुम्ही हसत होतात."

मी खाली बसलो. ती उभ्या उभ्याच सांगायला लागली, एखाद्या परक्या घरची हकिगत सांगावी तशी. मास्तरांनी सायकल बाजारात घेतली होती. विकणाऱ्याचं तोंड काही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. त्यानं हातावर रुमाल टाकला. मास्तरांना हेड्यांची रीत काय ठाऊक? त्यांना वाटलं माणूस हात मिळवतोय. त्यांनी साहेबलोकांसारखा शेकहँड केला.

"अख्खा पंजा," हन्नाबाई म्हणाली. "पाच. घरात आम्ही सहा होतो. आधी मुलं गेली, गिदोन, सारा, दया. मग सासूबाई."

माझी नजर खुंट्यांवर गेली.

"एक बोट राहिलं आणि आम्ही दोघं राहिलो. तेव्हा त्यांना कुणा म्हाताऱ्या हेड्यानं सांगितलं, की मोल आधी बोलायचं असतं. आधीची बोटं रुमालाखालचं ते आपलं आपण घेतं. शेवटचं मात्र बोलून देता येतं. कुणाचं ते नाव घ्यायचं. जो आधी घेईल तो राहतो."

"मग?"

"ते बोलेनात. म्हणाले, सायकल त्या बाजारात परत नेऊन देतो. निघाले. दारात चपला घालायला वाकले, सायकल माझ्या हातात दिली." तिनं हात पदराला पुसला. "लग्न झाल्यापासून मी त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं, भाऊ. त्या दिवशी घेतलं."

हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती. दारात रतन उभी होती, तिच्याकडं बघत होती.

सायकल मी परत आणली. टाकून यायचा धीर झाला नाही. आपली दोन बोटं कुणाच्या तरी दारात सोडून कसं यायचं? वाटेत रतन मागून चालत होती. रंगी पेंगत होती. मी हिशेब करत होतो. दोन बोटं, तीन माणसं. पहिलं कुणाचं, ते आपल्या हातात नाही. ते माझं निघालं तर संपलंच. पण नाही निघालं, तर शेवटचं बोट माझ्या हातात. म्हणजे बोलायचं ते मी. रतन बोलणार? यात्रेचं नाव घ्यायला जिची जीभ अडते ती नवऱ्याचं नाव घेणार? मेली तरी घ्यायची नाही! बायको गरीब असली की किती बरं असतं, असा विचार माझ्या मनात आला, आणि त्याची मला लाजसुद्धा वाटली नाही.

मी मागं वळून बघितलं. रतन माझ्याकडंच बघत होती. तिनं नजर खाली केली नाही.

६

शुक्रवार उजाडला. आम्ही तिघंही उठलो. रंगी अंगणात उड्या मारत होती, तिला बघून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. तिला कडेवर घेऊन बाजारात गेलो आणि हिरव्या बांगड्या भरल्या. कासारानं पैसे सांगितले तेवढे दिले, घासाघीस केली नाही. जन्मात पहिल्यांदा. पोरगी घरभर हात हलवत हिंडली, छुन छुन, छुन छुन. रतन म्हणाली, "फुटतील गं." पोरगी ऐकते होय? जेवली आणि आजीच्या अंथरुणावर जाऊन झोपली. आवाज थांबला.

मी दुकानात आलो. छगन चार वाजता येणार होता. ठरवलं होतं, की त्याला म्हणायचं, आज जुन्या रीतीनं सौदा करू, घाल हात. बोटाचं मोल त्याला आठवू द्यायचं नाही. गवताचा ठेकेदार, त्याला काय कळतंय? आठ माणसांचं खटलं त्याचं. त्याची दोन गेली तर कुणाला पत्ता लागणार? माझ्यावरचं जाईल तर गेलं, नाही गेलं तर निदान एकटा तरी नाही मरायचो.

बोळ सामसूम होता. ओट्यावरची माणसं जेवायला गेलेली. सायकल भिंतीला उभी होती, रुमाल जागेवर. त्याच्याखाली काहीतरी उंचवटा दिसत होता, मुठीपेक्षा लहान. आधी मूठ दिसायची तेवढी नाही. रबर सुकलं असेल, म्हटलं.

छगन यायच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून मी हात पुढं केला. या वेळी आधी तोंडानं बोललो. "एका बोटाला शंभर रुपये," मी म्हणालो. आवाज चांगला खणखणीत लागला. "ऐकलं का? शंभर. दुकान इकीन, पन देईन." आणि हात घातला.

रुमालाखाली बांगड्या वाजल्या.

अगदी हळू. छुन. आणि माझ्या एका बोटाभोवती एक चिमुकली मूठ आली. बाजारात गर्दीत धरायची तशी. पुरं बोट तिच्या मुठीत मावत नव्हतं. ऊबसुद्धा होती अजून.

रंगी आत झोपली आहे, मी स्वतःला सांगितलं. आत्ता झोपली. रतन आतच आहे, तिनं ओरडून सांगितलं असतं. म्हातारीच्या वेळी सांगायला आली होती. आली असती. मी कान देऊन ऐकलं. आत रतनच्या पायांचा आवाज झाला, अंथरुणापाशी थांबला. हंबरडा नाही, हाक नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एकच बोट धरलेलं आहे. शेवटचं.

पोरगी गेली, आणि मी काय केलं असेल? मी तोंड उघडलं. बायकोचं नाव घ्यायला पुरुषाला काय लागतं? दिवसातून शंभरदा घेतो. रतन, पाणी आण. रतन, कुठं मेलीस? तीन अक्षरं. जीभ टाळूला लागली होती, बोटाभोवतीची ती मूठ वाट बघत होती, आणि बांगड्या हलत होत्या. माझ्याच पोरीच्या हातात तिच्या आईचं नाव द्यायचं होतं. तेवढ्यानं मी अडखळलो. एका श्वासाएवढाच.

मागून पडदा सरकला. रतन दारात उभी होती. कडेवर कुणी नव्हतं. पदर डोक्यावरून खाली पडला होता आणि तिनं तो सावरला नाही. तिनं माझा रुमालाखालचा हात पाहिला, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं, अर्धवट उघडलेल्या. सगळं समजलं तिला.

"गहिनीनाथ," ती म्हणाली.

न अडखळता म्हणाली, न लाजता. रोज घेत असल्यासारखं.

रुमालाखालच्या मुठीनं माझं बोट एकदा दाबलं आणि सोडून दिलं.